छावणीतले बालपण

नाशिकहून पेठ रस्त्याने निघाले की चौदा-पंधरा किलोमीटरवर, आशेवाडी गावाजवळ, रामशेजचा किल्ला दिसतो. तसा तो बुटकाच. साल्हेर-मुल्हेर पाहिलेल्या माणसाला त्याची उंची सांगायलाही संकोच वाटावा. रविवारी सकाळी डबे बांधून आलेली कुटुंबे आणि शाळांच्या सहली तासाभरात माथा गाठतात. मग कोणीतरी गोष्ट सांगू लागते. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला, गडावर तोफा नव्हत्या म्हणून मावळ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यावर कातडे चढवले आणि पाच-सहा वर्षे बादशाही सरदारांना दाद दिली नाही, ही ती गोष्ट. मुलांचे डोळे चमकतात. लढाईच्या गोष्टी मुलांना फार आवडतात. लढाईत सापडलेल्या मुलांच्या गोष्टी मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

त्याच १६८२ सालच्या मे महिन्यात कोकणात माणगावजवळच्या गांगवली गावी एक मूल जन्माला आले. रामशेजचा वेढा आणि हे मूल बरोबरीनेच वाढले म्हणायचे. मुलाचे वडील छत्रपती संभाजीराजे, आई येसूबाई. आजोबांचे नाव नातवाला द्यायचे या रीतीप्रमाणे त्याचे नाव शिवाजी ठेवले होते. पण इतिहासाला ते माहीत आहेत ते शाहू या नावाने. (कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज वेगळे, ते पुष्कळ नंतरचे. साताऱ्याच्या या शाहूराजांना म्हणूनच थोरले शाहू म्हणायचा प्रघात आहे. परीक्षेच्या पेपरात या दोघांची अदलाबदल करणारी मुले दर वर्षी निघतात, असे शिक्षकमंडळी सांगतात.)

युद्धात परक्याच्या ताब्यात गेलेले बालपण म्हटले की आपल्याला ॲन फ्रँक आठवते. जर्मनांनी व्यापलेल्या ॲमस्टरडॅममध्ये ती दोन वर्षे लपून राहिली आणि तेवढ्या काळात तिने जी रोजनिशी लिहिली ती जगभर वाचली गेली. आपल्या मातीतल्या या मुलाने रोजनिशी लिहिली नाही. त्याचे बालपण सापडते ते फारसी अखबारांतल्या दोन-चार ओळींत, बखरीतल्या आठवणींत, परदेशी प्रवाशांच्या टिपणांत. शिवाय ॲनचे आयुष्य पंधराव्या वर्षीच संपले. हे मूल जगले, मोठे झाले, गादीवर बसले आणि त्याने चाळीस वर्षांहून अधिक राज्य केले. लहानपणी जे सोसले त्याचे मोठेपणी काय झाले, हे पाहण्याची संधी आपल्याला इथे मिळते.

शाहूराजे सात वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, १६८९ च्या फेब्रुवारीत, संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. लगोलग मोगली फौजा रायगडाच्या पायथ्याशी येऊन थडकल्या. गडावर त्या वेळी येसूबाई, लहान शाहूराजे, दीर राजाराम महाराज आणि सारा कुटुंबकबिला होता. येसूबाईंनी त्या प्रसंगी घेतलेला निर्णय शालेय पुस्तकात एका ओळीत उरकला जातो, पण थोडा वेळ थांबून त्याचा विचार करावा असा तो आहे. पतीच्या मृत्यूचे दुःख ताजे. मुलगा हाच गादीचा खरा वारस. तरी त्यांनी राजारामांना पुढे केले आणि त्यांनी गडाबाहेर निसटून जावे, आपण मुलासह गडावर राहून किल्ला लढवावा, असे ठरवले. दोन्ही वारस एकाच वेळी शत्रूच्या हाती पडू नयेत हा त्यातला हिशेब. राजाराम महाराज एप्रिलमध्ये निसटले आणि पुढे थेट जिंजीला पोहोचले. राज्य वाचले. पण त्या हिशेबात जे मूल गडावर राहिले, ते आपले स्वतःचे आहे, हे त्या माउलीला ठाऊक होतेच.

आठ महिने वेढा चालला. ३ नोव्हेंबर १६८९ रोजी रायगड पडला. किल्ला घेणारा सरदार इतिकदखान. या कामगिरीबद्दलच त्याला झुल्फिकारखान हा किताब मिळाला. साडेसात वर्षांचे शाहूराजे, येसूबाई आणि राजघराण्यातील इतर मंडळी कैद होऊन पुण्याजवळ कोरेगावच्या बादशाही छावणीत नेण्यात आली.

इथून पुढची साडेसतरा वर्षे त्यांचे घर म्हणजे एक चालते-फिरते शहर होते.

औरंगजेबाच्या छावणीची कल्पना आज सहज येणार नाही. गेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी १६९५ साली विजापूर भागात गलगलीच्या छावणीत येऊन गेला. त्याच्या नोंदीप्रमाणे छावणीचा घेर तीस मैलांचा होता, तीत अडीचशे बाजार भरत आणि माणसे होती पाच लाख. शिवाय पन्नास हजार उंट आणि तीन हजार हत्ती. आकडे थोडे फुगवलेले धरले तरी आपले तेव्हाचे नाशिक त्या गर्दीत एका कोपऱ्यात मावले असते. छावणीच्या मध्यभागी लाल कनातींनी वेढलेला बादशहाचा खास भाग असे. त्याला गुलालबार म्हणत. त्याच आवारात, बादशहाच्या तंबूंपासून जवळ, शाहूराजांचा तंबू असे. सन्मानाची जागा म्हणावी तर सन्मानाची, आणि पळून जायला सर्वांत अवघड तीच.

मोठा चमत्कारिक तुरुंग होता हा. पायात बेडी नव्हती. उलट सात वर्षांच्या मुलाला सात हजारी मनसब आणि राजा हा किताब बहाल झाला होता. ज्या बादशहाने वडिलांना हालहाल करून मारले, त्याच्याच हातून मानाचा पोशाख घ्यायचा, त्याच्यापुढे मुजरा करायचा, आणि संध्याकाळी आईच्या तंबूत परत यायचे. त्या आईच्या कपाळी कुंकू का नाही, हे विचारायची सोय नव्हती, आणि विचारायचे कारणही नव्हते. बादशहाने शाहू हे नाव ठेवले, आजोबा चोर आणि नातू साव अशी त्यावर कोटी केली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मुलाला स्वतःच्या नावातही आजोबांची निंदा ऐकावी लागत होती, एवढे लोकांनी ओळखले होते.

तरी या छावणीत माया मिळालीच नाही असे नाही. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा अविवाहित होती. शाहूराजे छावणीत आले तेव्हा तिचे वय सेहेचाळीसच्या आसपास. या पोरक्या मुलावर तिचा जीव जडला. बादशहाच्या रागालोभापासून तिने त्यांना अनेकदा सांभाळून घेतल्याचे सांगतात. शत्रूच्याच घरात आपल्याला जपणारे माणूस भेटावे, हा अनुभव मोठ्यांनाही गोंधळात टाकतो. मुलाला तो काय शिकवत असेल? माझ्या मते शाहूराजांच्या पुढच्या आयुष्यातली निम्मी कोडी इथे सुटतात. ज्योत्याजी केसरकरांसारखी स्वराज्यातली काही जिवाभावाची माणसेही सोबत राहिली होती. एकीकडे मराठी बोलणारे हे लहानसे गोकुळ आणि दुसरीकडे कनातीपलीकडचा तो फारसी दरबार, अशी ही दुहेरी शाळा चालली होती.

१६९५ पासून चार वर्षे छावणीचा मुक्काम भीमेकाठी ब्रह्मपुरीला होता. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याजवळ माचणूरच्या सिद्धेश्वराला जे भाविक जातात, त्यांनी नदीकाठचा तो किल्ला पाहिला असेल. तो त्या मुक्कामातलाच. तेरा ते सतरा या वयात, जेव्हा मराठ्यांची इतर मुले घोड्यावर मांड पक्की करत होती, संताजी-धनाजींच्या तुकड्यांत सामील व्हायची स्वप्ने पाहत होती, तेव्हा स्वराज्याचा वारस त्याच संताजी-धनाजींच्या छाप्यांच्या बातम्या उलट्या बाजूने ऐकत होता. आपल्या माणसांचा विजय झाला की भोवतालची मुद्रा काळवंडायची. आनंद झाला तरी तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही, हे शिक्षण त्याला कोणी वेगळे द्यावे लागले नसेल.

आणि कनातीबाहेर काय चालले होते? तिथल्या मुलांना मनसब नव्हती. मोगली फौज गेली की तिच्या वाटेवरचे उभे पीक जनावरांच्या पोटात जाई. मागोमाग मराठी फौज आली की तिलाही दाणा-वैरण द्यावी लागे. एकाच शेताला दोन धनी झाले होते. आपल्या नाशिकलाही तेव्हा दफ्तरात गुलशनाबाद म्हणत आणि इथे मोगली ठाणे होते. रामशेज शेवटी फितुरीने गेला, त्र्यंबकगडही मोगलांकडे गेला. दूरवर धुरळा दिसला की गावेच्या गावे पोराबाळांसह रान गाठत. त्या काळचे कौलनामे वाचले की हे ध्यानात येते. परागंदा झालेल्या रयतेने गावी परत यावे, शेत लावावे, सरकार तोशीस देणार नाही, अशी आश्वासने त्यांत पुनःपुन्हा दिलेली आहेत. एकदा दिलेले आश्वासन पुरत नसे म्हणूनच ते पुनःपुन्हा द्यावे लागे.

१७०२ ते १७०४ या काळात दख्खनेत दुष्काळ आणि रोगराई एकदमच आली. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस तेव्हा हिंदुस्थानात होता. त्याच्या लिहिण्याप्रमाणे या दोन-तीन वर्षांत वीस लाखांवर माणसे मेली. त्याची आणखी एक नोंद आहे. ती वाचल्यावर पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. भुकेने व्याकूळ झालेले बाप आपली मुले पाव रुपयाला, अर्ध्या रुपयाला विकायला काढत आणि तरी त्यांना उपाशीच परतावे लागे, कारण घेणारा कोणी नसे. मनुचीला तिखटमीठ लावून लिहायची सवय होती हे खरे, पण असली गोष्ट माणूस उगाच रचत नाही. या मुलांची नावे कोणत्याच बखरीत नाहीत. शाहूराजांचे दुःख मोठे होते, पण त्यांच्या तंबूत ताटात अन्न येत होते.

ते अन्न त्यांनी नाकारले, ही त्यांच्या कैदेतली सर्वांत बोलकी घटना. १७०० च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, शाहूराजांचा रंग पिवळा पडला, प्रकृती ढासळली. चौकशी केली तेव्हा कळले की ते शिजवलेले अन्न घेतच नाहीत. मिठाई, फळे, भाजलेले दाणे यांवर दिवस काढतात. कैदेत असताना शिजलेले जेवायचे नाही असा त्यांचा नेम होता. बादशहाने हमीदुद्दीनखानाकरवी निरोप पाठवला की तुम्ही कैदेत नाही, आपल्याच घरी आहात, तेव्हा जेवत चला. दोघांनाही ठाऊक होते की हे खोटे आहे. ज्याच्याकडे तलवार नाही, फौज नाही, बोलायची मुभा नाही, त्याच्या हातात स्वतःचे ताट तेवढे उरते. घरात जेवायला नकार देऊन बसलेले पोर आपण सर्वांनी पाहिले आहे. इथे तो नकार एका साम्राज्यापुढे होता.

याच सुमारास धर्मांतराचे दडपणही आले. शाहूराजांनी ते मानले नाही. तेव्हा त्यांच्या ऐवजी प्रतापराव गुजरांचा मुलगा खंडेराव याने मुसलमान होणे पत्करले आणि संकट टाळले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. पुढे शाहूराजांनी गुजरांच्या घराण्याला साताऱ्याजवळ इनाम दिले. एका तरुणाने दुसऱ्यासाठी काय गमावले, याची किंमत इनामात चुकती होत नाही, हे त्यांनाही कळत असणार.

छावणीतच त्यांची लग्ने झाली, एक शिंद्यांच्या आणि एक जाधवांच्या घरात. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून विरूबाई नावाची एक मुलगी आली होती. तिचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

२० फेब्रुवारी १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत औरंगजेब मरण पावला. शहजादा आझम गादीसाठी उत्तरेकडे धावला, जाताना शाहूराजांनाही घेऊन गेला. वाटेत भोपाळजवळ दोराहा येथे, मे महिन्यात, त्यांना सोडून देण्यात आले. यात दया थोडी आणि डाव मोठा होता: शाहू दक्षिणेत परतले की ताराबाई आणि ते आपसांत लढतील, मोगलांना उसंत मिळेल. आणि शाहूंनी शब्द पाळावा म्हणून येसूबाई, राण्या आणि सावत्र भाऊ मदनसिंग ओलीस ठेवून घेतले. पंचविशी गाठणाऱ्या मुलाने, ज्या आईबरोबर सात वर्षांपासूनचा प्रत्येक दिवस काढला, तिला शत्रूच्या हाती सोडून घोड्यावर टांग टाकली. रायगडावर आईने जो हिशेब केला होता, तोच आता मुलाला करावा लागला. सोबत होते जेमतेम साठ-सत्तर लोक.

नर्मदा ओलांडून ते खानदेशात उतरले. धुळे जिल्ह्यातल्या लांबकानी गावी परसोजी भोसले, नेमाजी शिंदे यांसारखे सरदार येऊन मिळाले. ताराबाईंनी हा शाहू तोतया असल्याची हूल उठवली होती. अठरा वर्षे ज्याला कोणी पाहिले नाही, त्याने आपण आपणच आहोत हे सिद्ध कसे करायचे? शेवटी परसोजींनी त्यांच्याबरोबर एका ताटात जेवून लोकांची शंका फेडली असे सांगतात. पुन्हा ताटच!

गोदावरीकडे येताना, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, पारद गावच्या पाटलाने वाट अडवली. सयाजी लोखंडे त्याचे नाव. त्याने गढीतून मारा केला. शाहूराजांची माणसे पडली. मग चकमक झाली आणि पाटील मारला गेला. स्वतंत्र झाल्यावर शाहूराजांनी जिंकलेली ही पहिली लढाई, एका खेड्यातल्या पाटलाविरुद्धची. लढाई संपली तेव्हा पाटलाची विधवा तान्हे मूल घेऊन आली आणि तिने ते राजांच्या पालखीत टाकले. त्याचा बाप तुम्ही मारलात, आता त्याचे काय करायचे ते तुम्हीच करा, असाच त्याचा अर्थ.

पालखीत बसलेल्या माणसाला ही गोष्ट नवी नव्हती. त्यानेही बाप गमावला होता, तोही उचलून शत्रूच्या छावणीत नेला गेला होता, आणि त्यालाही शत्रूच्याच घरातल्या एका बाईने जीव लावला होता. फरक इतकाच की या वेळी छावणी त्याची होती. दुसरा कोणी राजा मूठभर मोहरा देऊन पुढे गेला असता. शाहूराजांनी मूल ठेवून घेतले. राणोजी हे त्याचे नाव बदलून, पहिल्या फत्तेची आठवण म्हणून, फत्तेसिंह ठेवले. जिंकणाऱ्याने मुलाचे नाव बदलायचे, हीही छावणीतलीच रीत, असे मनात येते. पण शाहूराजांनी त्याला भोसले हे आडनाव दिले आणि ओलीस म्हणून नव्हे, मुलगा म्हणून वाढवले. वाढवायला दिले ते विरूबाईंकडे. लग्नाची राणी नसूनही साताऱ्याच्या वाड्यात विरूबाईंचा शब्द राण्यांपेक्षा वरचढ चाले. त्यांना मूल नव्हते. पारदच्या पाटलाचा मुलगा त्यांना आई म्हणू लागला.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडची लढाई, जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक, बाळाजी विश्वनाथ, मग पहिला बाजीराव. मराठी घोडी नर्मदेपार गेली ती याच राजाच्या कारकिर्दीत. पण पराक्रम पेशव्यांच्या नावे जमा झाला आणि शाहूराजांच्या वाट्याला शिकार, बागा आणि लाडका कुत्रा खंड्या एवढेच राहिले. मोगलांच्या छावणीत वाढल्यामुळे ते मऊ पडले, असा ठपका काही इतिहासकारांनी ठेवला. औरंगजेबाच्या खुलदाबादच्या कबरीला त्यांनी भेट दिली, याचाही राग पुष्कळांना येतो. मला तो ठपका पटत नाही. ओलीस राहिलेल्या माणसाने सत्ता हाती आल्यावर दुसऱ्यांच्या ओलिसांचे काय केले, ते पाहावे.

१७३० च्या सुमारास कोल्हापूरकरांचा पराभव झाला तेव्हा ताराबाई त्यांच्या हाती लागल्या. ज्या काकूने तोतया ठरवले, ज्यांच्याशी वीस-बावीस वर्षे वैर चालले, त्यांना त्यांनी सन्मानाने परत पाठवायची तयारी दाखवली. ताराबाईंनीच साताऱ्याला राहणे पसंत केले. कोल्हापुरातही आपण सवतीच्या मुलाच्या कैदेतच होतो, मग इथे काय वाईट, असा त्यांचा विचार. पुढच्याच वर्षी वारणेचा तह होऊन दोन्ही गाद्यांचे भांडण मिटले.

येसूबाईंची सुटका व्हायला १७१९ साल उजाडले. बाळाजी विश्वनाथ आणि सय्यद बंधू यांच्या दिल्लीच्या राजकारणात चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांबरोबर त्यांच्या सुटकेचाही करार झाला, आणि त्या जुलैमध्ये साताऱ्याला पोहोचल्या. कैदेत गेल्या तेव्हा कडेला सात वर्षांचे मूल होते; परतल्या तेव्हा समोर सदतिसाव्या वर्षाचा छत्रपती उभा होता. मधे तीस वर्षे गेली होती. त्या सनदांविषयी इतिहासाच्या पुस्तकांत पानेच्या पाने आहेत. मायलेकरांच्या भेटीला एक ओळ मिळते.

विरूबाई १७४० मध्ये वारल्या. राजांना औरस मुलगा नव्हता. त्यांचे उत्तरकार्य फत्तेसिंहाने केले आणि त्यांची दौलतही त्याच्याकडे आली. त्याच्या घराण्याकडे अक्कलकोटचे संस्थान १९४८ पर्यंत राहिले. स्वामी समर्थांच्या दर्शनाला अक्कलकोटला गेलेल्यांनी तिथला राजवाडा पाहिला असेल. तो वाडा पारदच्या त्या पाटलाच्या वंशजांचा.